चाफेकळी की नकटी

१२ जानेवारी

प्रिय धाकट्या,

हे पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी बस. मी मोटरबोट घेणार आहे.

बसलास? आता पाणी पी आणि पुढे वाच.

शहरात नेणारी लाँच बंद होऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून शहरात यायचं म्हणजे तलावाला वळसा घालून खडीच्या रस्त्याने अख्खी सकाळ हाडं खिळखिळी करून घ्यायची. जीप आठवड्यातून दोनदा येते, टपाल टाकते, रॉकेल टाकते आणि भूत मागे लागल्यासारखी पळते. मी नर्सची नोकरी सोडली, पण नोकरीने मला सोडलेलं नाही. वस्तीत कुणाचं बोट कापलं, कुणाला ताप चढला की दार माझंच वाजतं. आणि कपाटात बँडेज उरलंय ते एखाद्या मांजराच्या शेपटीला पुरेल एवढं.

जीपवाला सांगत होता, तुमच्या धक्क्यावरच्या बोटवाल्याकडे दोन वापरलेल्या बोटी विकायला आल्या आहेत. दोन्ही फायबरच्या, दोन्ही एकाच लांबीच्या, दोन्हींना मागे पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन. तू जाऊन बघ. दिवसभर दुकानात बसून लोकांना विचारत असतोस ना, 'ही काच बरी की ती बरी?' आता एकदा बहिणीसाठी स्वतःला विचार.

मला एवढं कळव, की तळ आतून सपाट आहे का, मध्ये आडव्या फळ्या येतात का, काठ धक्क्यापासून किती खाली राहतो, आणि एका बाजूला माणूस उभा राहिला तर बोट किती कलते. हे कशाला, असं विचारू नकोस.

आणि 'या वयात?' एवढेच दोन शब्द लिहायचे असतील तर तिकिटाचे पैसे वाचव.

तुझी,
ताई


२० जानेवारी

प्रिय ताई,

पाणी प्यायलो. दोन ग्लास. 'या वयात' असं मी लिहीत नाही, नुसतं मनात म्हणतो, त्याला तिकीट लागत नाही. फोनच केला असता, पण तुझ्याकडे फोनवर निम्मं ऐकू येतं, आणि त्यातलंही तुला हवं तेवढंच तू ऐकतेस.

काल दुपारी दुकान बंद करून धक्क्यावर गेलो. बोटवाला मोठा गमतीचा माणूस आहे. त्याला काहीही विचारा, तो आधी बोटीकडे बघतो, मग आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, 'चांगली आहे.' इंजिन? चांगलं आहे. तळ? चांगला आहे. मी वैतागून विचारलं, 'मग दोन्हींत वाईट काय?' तो म्हणाला, 'गिऱ्हाईक.'

मी दोन्ही नीट पारखल्या. खरंच जुळ्या बहिणी आहेत. फरक आहे तो नाकाचा. एकीचं नाक पुढे निमुळतं होत गेलेलं, वर उचललेलं, आणि तळ मधोमध धारेसारखा. तिला मी चाफेकळी म्हणतो. दुसरीचं नाक कुणीतरी करवतीने छाटून टाकल्यासारखं आडवं, ठेंगणं, आणि तळ परातीसारखा सपाट. ती नकटी. चाफेकळीत आत दोन आडव्या फळ्या आहेत, नकटीत पुढची अर्धी बोट मोकळी. काठ दोन्हींचे धक्क्यापासून साधारण वीतभर खाली, नकटीचा किंचित वर.

आता माझं ऐकशील तर दोन्ही नकोत. आमची वरची खोली रिकामी आहे. पूर्वेला खिडकी आहे, खाली औषधांचं दुकान आहे, आणि बँडेज तर काय, गुंडाळून घेऊन झोप.

तुझा,
धाकटा

ता.क. वन्सं, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून कोपऱ्यात लिहिते. 'नीट पारखल्या' म्हणजे काय ते ऐका. तुमच्या भावाने एकाही बोटीत पाय ठेवलेला नाही. धक्क्यावर पालथे पडून वरूनच टेप लावली. टेप पाण्यात पडली. बोटवाल्याने जाळीने काढून दिली आणि म्हणाला, 'टेप चांगली आहे.'


२७ जानेवारी

प्रिय धाकट्या,

पालथं पडून बोट पारखता येत असती तर मगरींनी दुकानं थाटली असती. मला कसं कळलं ते विचारू नकोस. नर्सला सगळं कळतं.

दोन्ही बोटींतून फेरी मारून बघ. नुसती धक्क्याजवळ नको, तलावाच्या मध्यावर जा, जिथे वारा असतो. पुढच्या भागात एका माणसाएवढं ओझं ठेव आणि ते ठेवल्यावर बोट कशी चालते ते बघ. मुख्य म्हणजे, पाय न उचलता आत जाता येतं का, हे नीट बघून लिही.

वरची खोली छानच आहे. तिथे तुझी जुनी मासिकं ठेव.

बाकी इकडे सगळं ठीक. बाजूची शिवणबाई तुझी चौकशी करत होती. तुझ्या लग्नातल्या कोटाची डावी बाही अजून आखूडच आहे का म्हणून विचारत होती. वर म्हणाली, 'बाही बरोबर होती, त्याचाच हात लांब.' तिने आयुष्यभर वस्तीतल्या मुलींना शिवण शिकवलं, पण स्वतःची चूक कबूल करायला कुणी तिला शिकवलं नाही.

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझ्या हुकमाप्रमाणे दोन्ही बोटींतून जाऊन आलो. जिवंत आहे.

एका माणसाएवढं ओझं आणायचं कुठून, हा पहिला प्रश्न. मी हिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, बरं का. त्यानंतर दोन दिवस घरात भांडीच तेवढी बोलत होती. शेवटी वाळूची पोती आणली.

आधी नकटी घेतली. धक्क्याजवळ ती इतकी शहाण्यासारखी वागली की वाटलं हीच. पण मध्यावर वारा सुटला आणि तिने रंग दाखवला. सपाट तळ असल्यामुळे ती लाटेवर चढते आणि थाडकन आपटते, चढते आणि आपटते. पुढून पाणी अंगावर. दुकानाच्या वर दातांचा डॉक्टर बसतो म्हणून मी निर्धास्त होतो, एवढंच. मग चाफेकळी घेतली. तीच लाट, तोच वारा, पण ही सुरीने लोणी कापावं तशी गेली. पोत्यावर थेंबही नाही. मात्र चढता-उतरताना जरा डुगडुगते.

आता मुद्द्याचं. पाय न उचलता आत जाता येतं का, कलते किती, काठ खाली किती... ताई, मी चष्मे विकतो म्हणून आंधळा नाही. तुझे गुडघे गेलेत आणि तू ते लपवते आहेस. लहानपणी ताप लपवून शाळेत जायचीस, तशीच. म्हणून मी ठरवून टाकलं. ज्या बोटीत गुडघ्यांना हादरे बसत नाहीत तीच तुझी बोट. चाफेकळीचा विसार देऊन आलो. वरच्या खोलीत येणार नसशील, तर निदान सुखाने बसून फीर. मी किती शहाणा भाऊ आहे, ते आता सगळ्या वस्तीला सांग.

नकटीचं म्हणशील तर तीही त्याच संध्याकाळी गेली. मासे विकणारं एक जोडपं आहे, त्यांनी घेतली. तेव्हा आता मागे वळून बघायला नको.

तुझा,
धाकटा

ता.क. वन्सं, न लिहिलेलं लिहिते. लाटा आल्या तेव्हा तुमचा भाऊ डोळे मिटून वाळूच्या पोत्याला मिठी मारून बसला होता. इंजिनाचा दांडा माझ्या हातात होता. बोटवाल्याने 'धरा जरा' म्हणून दिला आणि मी सोडलाच नाही. काय सांगू तुम्हाला! पंचवीस वर्षं काउंटरमागे बसून पावत्या फाडल्या, आणि इकडे एक दांडा उजवीकडे ढकलला की आख्खा तलाव डावीकडे वळत होता. मला विचाराल तर नकटी. धडधडते खरी, पण चढता-उतरताना कुणाचा हात धरावा लागत नाही. पण मला विचारतंय कोण?


८ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र अजून आलं नाही, पण आता मला थांबवत नाही. जे लपवलं ते सांगून टाकते.

बोट मला हवीच आहे. पण तळ, काठ, कलणं हे सगळे प्रश्न माझ्यासाठी नव्हते. माझे गुडघे ठणठणीत आहेत, तू उगाच काही कल्पना करून बसू नकोस. ते प्रश्न शिवणबाईसाठी होते.

गेल्या वर्षी लाँच बंद झाली त्यानंतर महिन्याभरात ती स्वतःच्याच पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. खडीच्या रस्त्याने दवाखान्यात न्यायला इतका उशीर झाला की ऑपरेशन होऊनही पाय धरला नाही. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत आहे. हात तेवढेच चपळ आहेत. मशीन हाताने फिरवते, तोंडाने मला फिरवते. रोज संध्याकाळी मी तिची खुर्ची पाण्यापर्यंत ढकलते आणि आम्ही दोघी समोरच्या किनाऱ्यावरच्या शहराला नावं ठेवतो.

तिचा मुलगा तुमच्याच शहरात छापखान्यात आहे. मुलगा वाईट नाही. वाईट असता तर भांडण सोपं होतं. तो म्हणतो, 'आई, पुन्हा काही झालं तर मी त्या रस्त्याच्या भरवशावर राहू का?' त्याचं काय चुकलं? त्याने फेब्रुवारीअखेरची मुदत दिली आहे. तोवर दवाखान्यापर्यंत लवकर पोचायची काही सोय झाली तर ठीक, नाहीतर तो तिला घरी घेऊन जाणार. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. एकदा वर गेली की ती खाली काही येत नाही, हे त्यालाही माहीत आहे, तिलाही माहीत आहे, आणि दोघंही एकमेकांशी हवापाण्यावर बोलतात.

तुला सांगितलं नाही, कारण तिने मला शपथ घातली होती. 'माझी कीव करून कुणी बोट घ्यायची नाही' म्हणाली. आणि खरं सांगायचं तर, मी एक खुर्ची आणि त्यातलं माणूस तलावापलीकडे नेणार म्हटल्यावर तू ते दोन शब्द नक्की लिहिले असतेस.

तेव्हा नकटीच घे. आडव्या नाकावर फळी टेकते. फळीवरून खुर्ची सरळ आत जाईल, पुढे मोकळी जागा आहेच. आपटली तर आपटू दे. लगेच जा आणि विसार देऊन ये.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

घात झाला. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. एव्हाना माझं तुला मिळालं असेल, आणि त्यातला 'शहाणा भाऊ' वाचून तू काय म्हणाली असशील ते मला इथपर्यंत ऐकू आलं.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे तर नकटीचं लग्न दुसऱ्याच मांडवात लागून गेलं!

कालच बोटवाल्याकडे धावलो. तिसरी एखादी बोट आहे का म्हटलं, नाही. विसार परत देतोस का म्हटलं, तर तो आभाळाकडे बघायला लागला. चाफेकळीचं नाक कापून आडवं करता येईल का, असंही विचारलं. त्या 'गिऱ्हाईक'नंतर तो पहिल्यांदाच 'चांगली आहे' सोडून दुसरं काही बोलला. म्हणाला, 'बुडेल.'

शिवणबाई खुर्चीत आहे हे मला वर्षभर माहीत नव्हतं, याचंच राहून राहून वाईट वाटतं. लाँच बंद झाली म्हणून मीही तुमच्याकडे यायचा बंद झालो. काय करायचं ते सुचत नाही. सुचलं की लिहितो.

धाकटा


१७ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझी दोन्ही पत्रं एकाच जीपने आली. पहिलं वाचून मी इतकी ओरडले की जीपवाला वाटेतून परत आला. दुसरं वाचून राग गेला. तुझं काय चुकलं? मी अर्धंच सांगितलं, तू उरलेलं अर्धं तुझ्या मायेने भरून काढलंस. तसा भाऊ सगळ्यांना मिळत नाही, आणि मिळाला तरी परवडत नाही.

शिवणबाईला सगळं कळलं. माझा चेहरा बघून तिने पत्रच ओढून घेतलं. वाचलं, हसली आणि मशीनला तेल घालत बसली. तिने तुला चार ओळी लिहिल्या आहेत, त्या सोबत पाठवते. मी त्या वाचल्या नाहीत असं समज.

ताई

(सोबतची चिठ्ठी)

अरे धाकट्या,

शिवणात चूक झाली तर उसवता येते. दिलेला विसार उसवत नाही, तेव्हा आता उगाच सुई टोचून घेऊ नकोस. तिसरा मजला म्हणजे काही फाशी नव्हे. खिडकी आहे म्हणे. नातवंडं आहेत, ती तर नक्की आहेत, त्यांचा आवाज फोनवरही कान फाडतो.

माझं मशीन तुझ्या बहिणीकडे ठेवून जाते. तिला सरळ टीप घालता येत नाही, पण फुलदाणी ठेवायला बरं पडेल. तिच्याकडे अधूनमधून येत जा. ती संध्याकाळी पाण्यावर एकटीच जाऊन बसेल आणि तुला पत्रात 'सगळं ठीक' असं लिहील. विश्वास ठेवू नकोस.

बाही बरोबर होती.

शिवणबाई


२३ फेब्रुवारी

वन्सं,

या वेळी कोपऱ्यात नाही, अख्खं पत्र मीच लिहितेय. तुमच्या भावाचे दोन्ही तळहात सोलवटलेत. दोर घट्ट धरून धरून. का ते सांगते.

शिवणबाईंची चिठ्ठी आली त्या दिवशी त्यांनी ती जेवताना दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावर 'आज बंद' अशी पाटी लावली. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा अर्धा दिवस उघडं होतं, तेव्हा मी समजले काय ते. म्हणाले, 'चल, मासळीबाजारात.'

ते जोडपं सापडायला वेळ लागला नाही. नवरा थोराड, अबोल. बायको म्हणजे सुरीपेक्षा जीभ धारदार. तुमच्या भावाने घसा खाकरून विचारलं, 'तुमची बोट आमच्या बोटीशी बदलाल का?'

ती म्हणाली, 'का? तुमचीला भोक पडलंय?'

'नाही. दोन्ही चांगल्या आहेत. मला तुमची जास्त सोयीची आहे. तुम्हाला कुठली सोयीची, ते तुम्ही दोन्ही चालवून ठरवा.'

मी कोपराने ढोसलं, शिवणबाईंचं सांगा की! त्यांनी मलाच उलट ढोसलं. बाजूला घेऊन म्हणाले, 'त्यांचा रोजचा धंदा आहे. आपली गोष्ट ऐकून भिडेने बदलली आणि ती त्यांना सोसली नाही, तर? चष्मा देताना मी गिऱ्हाइकाला माझी आवड सांगतो का? त्यांचे डोळे, त्यांनी बघायचं.' वन्सं, इतकी वर्षं मी त्यांना भित्रा समजत होते. पाण्याला भितात, ते वेगळं.

दुपारी वारा होता तेव्हाच चौघं निघालो. मासळीच्या पेट्या भरून घेतल्या. आधी नकटी, मग चाफेकळी, मग पुन्हा नकटी, शेवटी पुन्हा चाफेकळी. यांनी अगदी दुकानातलाच सूर लावला. 'ही बघा... आता ती बघा... घाई नाही... पुन्हा ही.' मधल्या मध्ये डोळे मिटायचे आणि दोर आवळायचे.

नकटीत मासेवाली पुढे बसली आणि पहिल्या दोन लाटांतच चिंब झाली. मला वाटलं जिंकलो. पण ती केस पिळत म्हणते, 'आम्हाला भिजायची सवय आहे. पेट्या सरळ राहतात, ते बघा.' चाफेकळीत पाय ठेवला तशी ती डुगडुगली. 'बघा, बघा! ही दारू प्यायलीय की काय?' माझं तोंड पडलं. तुमचा भाऊ मात्र म्हणाला, 'पेट्यांसाठी खरंच ती बरी आहे.' मला वाटलं ढकलून द्यावं पाण्यात.

धक्क्याला लागलो. मासेवाली चाफेकळीतून टुणकन उडी मारून उतरली, पेटी उचलली आणि म्हणाली, 'नाही बाई, आमची आहे ती बरी.'

तेव्हा इतका वेळ गप्प असलेला तिचा नवरा म्हणाला, 'तुझी कंबर.'

'काय माझ्या कंबरेला?'

'नकटी आपटते म्हणून पंधरा दिवस रोज रात्री शेकतेस. नकटीतून उतरताना मला हात द्यायला लागतो. आत्ता उडी मारलीस.'

ती पेटी हातात धरून तशीच उभी राहिली. मग पेटी खाली ठेवली, कंबर एकदा डावीकडे वळवून बघितली, एकदा उजवीकडे. नवऱ्याकडे असं बघितलं की मीच दुसरीकडे तोंड फिरवलं.

'पेट्यांना मी दोर बांधीन,' तो म्हणाला.

'मग बांध की,' ती म्हणाली, आणि आमच्याकडे वळून, 'बदलली! आता खरं सांगा, तुम्हाला ही नकटी कशाला हवी होती?'

आता मात्र मी कुणाचं कोपर जुमानलं नाही. खुर्ची, तिसरा मजला, तुम्ही दोघी संध्याकाळी पाण्यावर बसता ते, सगळं सांगितलं. तिने तुमच्या भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. 'आधी सांगायला तोंड शिवलं होतं? फुकट भिजवलंत मला!' आणि वन्सं, पेट्या चढवायची त्यांची जी रुंद फळी होती ना, दोन्ही बाजूंना पट्टी मारलेली, ती तिने नकटीत टाकली. 'खुर्चीचं चाक घसरायचं नाही. आम्ही दुसरी करू.'

बोटवाल्याने उरलेले पैसे घेतले आणि कागदांवर नावं बदलून दिली. आभाळाकडे बघितलं. काय म्हणाला ते लिहायला नको.

येत्या गुरुवारी आम्ही दोघं पाण्यानेच बोट घेऊन येतो. दांडा माझ्याकडे. ते पुढे बसून मार्गदर्शन करणार आहेत म्हणे. चहा ठेवा, आणि त्यांच्यासाठी सुका टॉवेल.

तुमची,
भावजय


६ मार्च

प्रिय धाकट्या आणि भावजयबाई,

जीपने धड पोचलात का? तुम्ही दोन दिवस राहिलात आणि तिसऱ्या दिवशी वस्तीला कुणीतरी आवाज बंद केल्यासारखं झालं. भावजयबाईंनी मला दांडा धरायला शिकवलं, त्याची वस्तीतली मुलं अजून नक्कल करतात. 'वन्सं, मान ताठ! वन्सं, लाटेकडे बघा, माझ्याकडे नको!' असं ओरडत अंगणात पळत असतात. मी रोज सकाळी एक फेरी मारते. रिकामी, मग वाळूचं पोतं घेऊन, मग शेजाऱ्याला घेऊन. तो शेजारी आता मला बघून वाट बदलतो.

पण हे पत्र रविवारचं सांगायला लिहितेय, त्या दिवशी तुमच्या शहरात येऊनही तुमच्याकडे डोकवायला वेळ मिळाला नाही.

शिवणबाईच्या मुलाने मुदत चार दिवस वाढवून दिली होती. म्हणाला, 'बोटीने या. पण कपड्यांची बॅग घेऊन या. जमलं नाही तर आईला राहूनच घेऊ दे.' म्हणून बॅग भरून घेतली. ती भरताना शिवणबाईने एकाही कपड्याची शिवण तपासली नाही, आणि तिने न तपासणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

फळी लावली, खुर्ची सरळ आत गेली. चाकांना ब्रेक, वर दोर, अंगात लाइफ जॅकेट. तिने जॅकेटची शिवण उलटून बघितली आणि म्हणाली, 'कुणी शिवलंय हे? धागा सुटलाय.' निघालो. वर्षभरात ती पहिल्यांदा किनारा सोडत होती. मध्यावर वारा लागला आणि आपली नकटी सुरू झाली, थाड थाड थाड. मी ओरडून विचारलं, 'दुखतंय का?' तिने मागे न बघताच हात हलवला. मला वाटलं रडते आहे. जवळ वाकून बघितलं तर खदाखदा हसत होती, तोंडावरून पाणी निथळत होतं आणि प्रत्येक लाटेला ती तिच्या वर्गातल्या एकेका ढ मुलीचं नाव देत होती.

मुलगा धक्क्यावर उभा होता. बाजूला भाड्याची व्हॅन. आईला बोटीत बसलेली बघून त्याचे हात आपोआप पुढे झाले. मी म्हटलं, 'थांब, तू हात लावू नकोस, मी एकटी कशी काढते ते बघ.' फळी टाकली, खुर्ची वर. तो बघत राहिला.

'आणि लाटा मोठ्या असतील तेव्हा?' त्याने विचारलं.

'दात वाजतात. पण पोचतो.'

'आणि काकू, तुम्हालाच काही झालं तर?'

हा प्रश्न मला अपेक्षित होता. म्हटलं, 'वस्तीतल्या आणखी तिघांना शिकवतेय. जीपवाल्याची बायको माझ्यापेक्षा चांगली चालवते.' धक्क्यावरून दवाखान्याचं फाटक दिसतं, तिकडे तो बघायला लागला.

मग घरी गेलो. त्याने आईला पाठुंगळीला घेऊन तीन मजले चढवलं. प्रत्येक मजल्यावर थांबत होता, आणि ती त्याच्या कानात म्हणत होती, 'थकलास तर खाली ठेव, मी काय पळून जाणार आहे?' नातवंडांनी तिला इतकं घेरलं की जेवण गार झालं. दुपारी ती खिडकीपाशी बसली. खिडकी आहे, खरंच. समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी आहे. मुलगा तिच्यामागे उभा राहून तिला काय दिसतंय ते बघत होता. किती तरी वेळ.

उन्हं उतरायला लागली तशी ती म्हणाली, 'निघायला हवं. मशीनवर पडदा अर्धा राहिलाय.' सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. मुलाने पाठ वाकवली, ती पाठीवर बसली आणि तो जिना उतरायला लागला.

धक्क्यावर खुर्ची त्याने स्वतः ढकलली. फळीवर चाक ठेवलं, आईचं जॅकेट बांधलं, चुकीचं बांधलं म्हणून बोलणी खाल्ली, पुन्हा बांधलं. मी इंजिन सुरू केलं. तो व्हॅनपर्यंत गेला, मागचं दार उघडलं आणि तिथेच थबकला. मला वाटलं, आता काही बोलणार. आता म्हणणार, राहू दे आजच्या दिवस.

बॅग घेऊन तो परत आला. फळीवर एक पाय ठेवून वाकला आणि विचारलं, 'आई, ही पुढे ठेवू की मागे?'

'मागे ठेव,' ती म्हणाली. 'पुढे मला बघायचंय.'

तुमची,
ताई